अक्षता अठ्ठावीस सेकंद उशिरा

"वयनी, तुमचं लाईव्ह मागं पडलंय," भूपालमामा फोनवर म्हणाले.

मी निपाणीच्या हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात केबलींच्या गुंत्यात बसले होते. समोर नवऱ्या मुलीची, त्यांच्या भाचीची, हळद चालली होती. मला वाटलं, नेट अडकलं असेल. म्हटलं, "मामा, एकदा बंद करून परत चालू करा." आमच्या धंद्यात निम्म्या दुखण्यांवर हेच औषध चालतं.

"केलं. तीनदा केलं. सुलोचना हिकडं फोनवर सांगाय लागली, श्रुतीला हळद लावाय लागलोय म्हणून. मी टॅबवर बघतोय तर पोरगी अजून पाटावर बसायचीच हाय. माझ्या हातात घड्याळ हाय. अठ्ठावीस सेकंदांचा फरक. दोनदा मोजलाय."

बेळगावात हॉस्पिटलच्या खाटेवर, खुब्याचं ऑपरेशन होऊन सहावा दिवस, आणि हा माणूस माझ्या लाईव्हला घड्याळ लावून बसलेला. मला रागच आला. राग अशासाठी, की त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

आधी माझं सांगते. आमचा निपाणीत फोटो स्टुडिओ आहे. नवरा फोटो काढतो, मी व्हिडिओ बघते. लग्न करून आले तेव्हा आम्ही कॅसेटी द्यायचो, मग सीडी, मग पेनड्राईव्ह. आता सगळ्यांना लाईव्ह पाहिजे. पत्रिका नंतर मागतात, लिंक आधी. त्यामुळं मला गावात माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. लाईव्हवाल्या वयनी म्हणतात. मी पण तेच कार्डावर छापून टाकलंय.

आता हे अठ्ठावीस सेकंद कुठून येतात? कॅमेऱ्यातलं चित्र आधी माझ्या मिक्सरला येतं. मिक्सर म्हणजे तीन कॅमेऱ्यांपैकी कुठलं दाखवायचं ते ठरवायची बटणं. तिथून ते एन्कोडर नावाच्या डबीत जातं. ती डबी चित्र दाबून लहान करते. मग नेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरला. तिथं त्याचे तुकडे पडतात. बघणाऱ्याचा फोनही शहाणा, तो पुढचे दोन-चार तुकडे जवळ साठवतो आणि मगच दाखवायला लागतो, मधेच अडकू नये म्हणून. निपाणीहून सुटलेली साधी बस संकेश्वरला थांबते, हत्तरगीला थांबते, काकतीला थांबते आणि मग बेळगावात शिरते, तसलाच प्रकार. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लांबचा बघणारा कशाशी ताडून बघणार? मामांच्या एका हातात टॅब होता आणि दुसऱ्या कानाला फोन. त्यांनी ताडून बघितलं.

मी त्यांना हे सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मुहूर्त बारा सदतीसला. मला दिसणार त्याच्या अर्ध्या मिनिटानं. मी अक्षता टाकणार तवर लग्न लागून गेलेलं. लग्न लागल्यावर अक्षता टाकून काय करायचं वयनी? आणि मग ह्याला लाईव्ह कशाला म्हणायचं?"

मी म्हटलं, बघते काय करता येतं ते.

मामांचं दुखणं मला माहीत होतं. श्रुतीच्या आईवडलांचं घर चिकोडीकडच्या खेड्यात. शाळेसाठी तिला पाचवीपासून निपाणीला मामाकडं ठेवलेलं, ती कॉलेज होऊन नोकरीला लागेपर्यंत तिथंच. मामांना स्वतःला मुलगी नाही. लग्नात मामानं मुलीला मांडवात आणायचं, आंतरपाट धरलेला असताना तिच्या मागं उभं राहायचं. हा मान मामांनी पंधरा वर्षं मनात धरून ठेवलेला. आणि लग्नाच्या तोंडावरच गोठ्यात पाय घसरला. बेळगावहून निपाणी दीड तासाचा रस्ता, पण डॉक्टर म्हणाले, गाडीत बसवायचं नाही. उभं राहायचा तर प्रश्नच नव्हता. मागं उभं राहायला एक चुलतमामा ठरले. अक्षता मात्र भूपालमामांना पिशवीतून हॉस्पिटलला पोचवल्या होत्या. अक्षता तरी आपण वेळेवर टाकणार, एवढंच त्यांनी धरलं होतं. आणि बुकिंग घेताना मीच त्यांच्या बहिणीला, म्हणजे श्रुतीच्या आईला, सुलोचनाआक्कांना, छातीठोक सांगितलेलं की काळजीच करू नका, मामा मांडवात असल्यासारखेच असतील. बोलून बसले होते, आता निस्तरायला नको?

हळदीच्या दिवशीच मी सेटिंग बदलून बघितलं. उशीर कमी करायचं एक बटण असतं. आठ सेकंदांवर आला, पण चित्र उचक्या द्यायला लागलं आणि पुण्याहून, दुबईहून पाहुण्यांचे फोन सुरू झाले. परत होतं तसं केलं. मग सरळ व्हिडिओ कॉल लावला. त्यात उशीर नसल्यात जमा असतो. मामांना श्रुती दिसली, श्रुतीला मामा दिसले. दोघंही हसली. मामा म्हणाले, "हे बेस हाय." मीही समाधानानं घरी गेले. एवढ्यात समाधान मानायला नको होतं.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला हॉल भरला. हजारभर माणूस. आणि हल्ली हजार माणूस म्हणजे हजार फोन. नवरदेवाकडच्या पोरी रील करत होत्या, कुणी आपल्या घरच्यांना वेगळं लाईव्ह दाखवत होतं, म्हातारी माणसंसुद्धा स्टेजकडं पाठ करून सेल्फी काढत होती. कार्यालयाची नेटची केबल हायवेच्या कामात आदल्या आठवड्यात तुटलेली. मी माझी दोन सिमकार्डांची डबी आणली होती, तिच्यावर लाईव्ह कसंबसं चाललं होतं. व्हिडिओ कॉल लावला आणि मामांचा चेहरा उघड्या तोंडानं थिजला तो थिजलाच. पाच वेळा लावला. पाचही वेळा तेच.

मी उपाध्येंकडं गेले. उपाध्ये म्हणजे लग्न लावणारे पंडित. मी म्हटलं, मंगलाष्टकं जरा अर्धा मिनिट आधी संपवता येतील का, म्हणजे मामांना बरोबर मुहूर्तावर दिसेल. त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "बाई, मुहूर्त तुमच्या नेटला विचारून काढलेला नाही," म्हणाले. त्यांचंही बरोबर. त्या दिवशी माझ्याशिवाय सगळ्यांचंच बरोबर होतं.

तेवढ्यात मामींचा फोन आला. मामी मामांजवळ हॉस्पिटलातच राहिल्या होत्या. त्या खोलीच्या बाहेर येऊन हळू आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, व्हिडिओ बंद पडल्यापासून ह्यांनी तोंड भिंतीकडं केलंय, चहा पण घेतला न्हाय. मग त्यांनीच तोड काढली. "वयनी, मी त्यांचं घड्याळ अर्धा मिनिट मागं करती. लाईव्ह दुरुस्त झालं म्हणून सांगती, ते बघून टाकू देत अक्षता. घड्याळात बारा सदतीसच दिसतील. त्यास्नी कळायचं न्हाय."

आणि मी म्हटलं, करा.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सुलोचनाआक्कांना सांगितलं, त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. माझा नवरा म्हणाला, कुणाला कळणार आहे? आमच्या कामात आम्ही लोकांचे काळे डाग पुसतो, न आलेल्या पाहुण्याला फोटोत उभं करतो. अर्धा मिनिट म्हणजे काय मोठंसं.

श्रुतीला मात्र सांगायला हवं होतं, म्हणून मी तिच्या खोलीत गेले. ती आरशासमोर बसली होती, दागिन्यांच्या ओझ्यानं वाकून गेलेली. मेकअपवाली मुंडावळ्या बांधत होती. मी हसत हसतच सांगितलं. ती हसली नाही.

"वहिनी, दहावीला मला गणितात बेचाळीस पडले. सगळे म्हणाले, असू दे, चांगले आहेत. मामा एकटा म्हणाला, कमी हायत. तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. आणि आज मी त्याला खोटी वेळ दाखवू? त्यापेक्षा नको टाकू दे अक्षता."

मी तशीच बाहेर आले. मामींना परत फोन लावला, म्हटलं, घड्याळाला हात लावू नका. मामी म्हणाल्या, मग आता काय करायचं? मी म्हटलं, काय करायचं तेच कळत नाही. असं आमचं दोघींचं चाललं होतं आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हे कशावर बोलतेय? साध्या फोनवर. सकाळपासून मामींशी चार वेळा बोलले, एकदाही आवाज तुटला नव्हता. नेट गर्दीत गुदमरतं, पण साध्या कॉलला कंपनी आधी वाट देते. हे मला माहीत होतं. वीस वर्षं या कामात काढलेल्या बाईला माहीत असायलाच हवं. पण आपण चित्रवाले. चित्र नाही म्हणजे काहीच नाही, असं डोक्यात बसलेलं.

मामांना बघायला नंतरही मिळणार होतं. मुहूर्ताला त्यांना ऐकू आलं तरी पुरे होतं.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्याकडं बिनवायरचं कानात घालायचं यंत्र होतं, तेच इअरबड. एक श्रुतीच्या डाव्या कानात घातलं, दुसरं तपासण्यापुरतं माझ्या. मेकअपवालीनं कुरकुर केली की हेअरस्टाईल बिघडते. श्रुती म्हणाली, बिघडू दे. केसांची एक बट आणि गजरा खाली ओढला, यंत्र झाकलं. माझा फोन सुलोचनाआक्कांच्या पर्समध्ये ठेवला आणि बजावलं, पर्स घेऊन मुलीच्या जवळच उभ्या राहा, कुणी जेवायला बोलावलं तरी हलू नका. मामांना कॉल आधीच लावून ठेवलेला. वाजंत्रीवाल्यांना दोन मिनिटं वाजवायला सांगितलं. मामा म्हणाले, सनई कर्कश येतीय, पण पंडितांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतंय. मी म्हटलं, मामा, टॅबवर चित्र उशिरा येईल, तिकडं बघू नका. कानानं टाका अक्षता.

"डोळे मिटूनच बसतो," ते म्हणाले.

चुलतमामा श्रुतीला घेऊन आले. आंतरपाट धरला. मी खांबामागं माझ्या मिक्सरवर. मंगलाष्टकं सुरू झाली. हॉलमध्ये निम्मे लोक एका हातानं अक्षता टाकत होते आणि दुसऱ्या हातानं शूटिंग करत होते. मागच्यांना स्टेज दिसत नव्हतं, ते मोठ्या पडद्यावर बघून टाकत होते. हे मला नेहमीचं. मी आपली कॅमेरे बदलत होते.

शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असताना एक गोष्ट बघितली. श्रुती ओझ्यानं खांदे पाडून उभी होती. ती एकदम ताठ झाली. कुणी मागून बोट टोचावं तशी. चुलतमामांचे तर दोन्ही हात अक्षतांनी भरलेले. मग तिचा चेहरा हसू लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही एकदम. मी त्याच कॅमेऱ्यावर थांबले, बटण बदललंच नाही. सावधान झालं, आंतरपाट निघाला, वाजंत्री लागली. बारा सदतीस.

दुपारी सामान आवरताना मामींचा फोन आला. आवाज हसरा. म्हणाल्या, हे डोळे मिटून बसले होते, मांडीवर अक्षतांची ताटली. शेवटचं कडवं संपत आलं तसं फोनमध्ये म्हणाले, "श्रुती, पाठ ताठ कर. मी मागं हाय." लहानपणी अभ्यासाला बसली की रोज हेच सांगायचे. आणि मग वाजंत्री ऐकू आली तशा अक्षता टाकल्या, अगदी मुहूर्तावर. पलंगभर तांदूळ. मागाहून नर्सबाई कन्नडमधून ओरडत आत आल्या. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनीही चार दाणे उचलून टाकले.

"आणि वयनी, अक्षता टाकल्या टाकल्या डोळे उघडले आणि टॅब पुढं ओढला," मामी म्हणाल्या. "टॅबवर पोरगी अजून वाकूनच उभी. ह्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मला म्हणाले, गप बस, बघ आता. आता ताठ हुईल. आणि झाली की हो. मी सांगितलेलं तिनं ऐकलं, बघ, म्हणाले. मांडवात असतो तर मला पोरीची नुसती पाठ दिसली असती."

आता बुकिंग घेताना मी आधीच सांगते की चित्र उशिरा पोचतं. ज्याला वेळेवर हजर राहायचं असेल, त्यानं साधा फोन लावावा.