बिनफ्लॅशची फोटोवाली

“झाला फोटो, उठा,” असं ती म्हणायची आणि समोरचा माणूस उठायचाच नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून तसाच बसायचा.

“चमकलं कुठं अजून?”

“माझ्याकडं चमकत न्हाई, बाबा. डोळे उघडे होते ना? मग बराबर आलाय.”

कळमनुरीत बाजाराच्या रस्त्याला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि मधल्या भिंतीपलीकडं तिचा फोटो स्टुडिओ. भिंत इतकी पातळ की तिकडचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. तुमच्याही गावात असा एखादा जुना स्टुडिओ तुम्ही पाहिला असेल. पुढं काचेचं टेबल, मागं पडदा, पडद्याआड निळं कापड आणि एक स्टूल. तिच्याकडं त्या पडद्याआड एक खाटही होती, आणि खाटेवर तिचे सासरे.

स्टुडिओ मूळ त्यांचाच. नवरा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. कामासाठी म्हणून पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. आधी सणावाराला फोन यायचा, पुढं तोही येईना. त्यातच सासऱ्यांना लकवा मारला. घरी बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांना रोज सकाळी रिक्षात बसवून दुकानात आणायची. मामा म्हणायची ती त्यांना.

अडचण झाली फ्लॅशची. ज्या माणसाचा जन्म फ्लॅश उडवण्यात गेला, तो आता फ्लॅश उडाला की अंगभर दचकायचा आणि लेकरासारखा रडायचा. तिनं जाड पडदा लावून पाहिला, त्यांच्या डोळ्यांवर पंचा टाकून पाहिला. रडणं काही थांबेना. शेवटी एके दिवशी तिनं फ्लॅश फडताळात टाकला आणि नवऱ्यानं मागं ठेवलेले शूटिंगचे दोन दिवे स्टँडवर चढवले. एकदा लावले की लावलेलेच. मामा त्या उजेडात शांत पडून राहू लागले.

गिऱ्हाइकं कुरकुरली. सुरुवातीचे फोटो बिघडलेही. या दिव्यांना फ्लॅशएवढा जोर नसतो, त्यामुळं कोणी जरा मान हलवली की चेहरा पुसल्यासारखा यायचा. “हलू नका, हलू नका,” हे मी दिवसभर ऐकायची. पंखा लावला की मागचं कापड फडफडायचं, म्हणून पंखा बंद. जुने दिवे भट्टीसारखे तापायचे. उन्हाळ्यात ती घामानं निथळत माझ्या दारात येऊन उभी राहायची, नांदेडकडं जाणाऱ्या गाड्या बघायची.

“काकू, मामा पडल्यापासून मी वारंगा फाट्याच्या पलीकडं गेले न्हाई,” एकदा म्हणाली. तेवढ्यात आतून खाट वाजली आणि ती परत पडद्याआड गेली.

पण त्या उजेडावर तिचा हात बसत गेला. सावली कुठं पडते ते बटण दाबायच्या आधीच दिसायचं. दिव्यापुढं पांढरी चादर धरून ती उजेड मऊ करायची. एका बारशाच्या लेकराचा फोटो तिनं काढला, तर ते झोपेतून हललंसुद्धा नाही. तो फोटो फोनवरून फिरत फिरत नांदेडला गेला. तिथं फक्त तान्ह्या लेकरांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओतून बोलावणं आलं. काम होतं, राहायला खोलीही होती.

“काकू, आजच्या दिवस मामांजवळ बसता का?”

मी बसले. दुपारपासून ते पडद्याकडं बघत राहिले. माझ्या हातचा घास घेईनात, पाणीही घेईनात. ऊन उतरायच्या आत ती परत दारात.

“एवढ्यात नांदेडहून आलीस?”

“वाटेत वारंग्यालाच उतरले. पुढं गेले असते, तर माघारी आले नसते.”

मामांनी काहीच घेतलं नाही, हे मी सांगितलं, तशी आत जाऊन तिनं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं आपटला. “माझ्यासाठी उपाशी राहता काहून?” ती ओरडली. ते वाकड्या तोंडानं हसले. तिनं सांडलेलं पाणी पुसलं, मग त्यांचं तोंड पुसलं, आणि त्यांना चमच्यानं पाणी पाजत बसली. मी माझ्या दुकानात आले, पण मशीन चालवावंसं वाटेना.

थंडीत मामा गेले. झोपेतच गेले. नवरा आला. तेराव्यानंतर पाव्हणे बसले आणि ठरलं, दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं, सुनेनं नवऱ्याबरोबर पुण्याला जायचं. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती भांडी आवरत होती.

“मी येत न्हाई,” ती आतूनच म्हणाली.

“मग राहशील कुठं?” नवऱ्यानं विचारलं.

“नांदेडला.”

निघायच्या दिवशी मी तिला हळूच विचारलं, “जागा हाय का गं अजून तिथं?”

“फोन केला होता. भरली म्हणाले.”

“आन् तरी चाललीस?”

“तरी चालले, काकू. दुसरीकडं विचारीन.”

नवऱ्याचे ते दिवे तिनं नेले नाहीत. “त्यांचे हायेत, त्यांनाच राहू द्या,” म्हणाली. एक पिशवी आणि गळ्यात कॅमेरा, एवढंच. एसटी स्टँडवर बस लागली. मी शिवलेला निळा ब्लाउज तिच्या अंगावर होता. घाईत एका बाहीची शिलाई मी वाकडी मारली होती, ती मला आत्ता दिसली. ती चढली, पुढची जागा मिळाली. बस वळून रस्त्याला लागली तेव्हा मी हात वर केला. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.