नऊ माळांची रजा

१९ ऑगस्टला सकाळी इंदूरच्या एका इस्पितळात मी बत्तीस हजार चारशे रुपये भरले. खिडकीपाशी मी आणि माझी बायको शैला होतो, मागे बाकावर नलूआत्या बसली होती. पावतीवर शिक्का पडायच्या आधीच आतून डॉक्टर आले आणि त्यांनी मला बाजूला बोलावलं. ज्या उपचारासाठी पैसे भरत होतो त्याची गरज उरली नव्हती. मी परत आलो तेव्हा आत्याने एवढंच विचारलं, “नीट भरलेस ना रे पैसे? पावती घेतलीस?” मी हो म्हणालो. तिला सांगायचं काम शैलाने केलं. मला जमलं नाही.

गेला तो मिलिंद, माझा आतेभाऊ. आत्याचा एकुलता एक मुलगा, वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. धारला इंदूर नाक्याजवळ तो गणित आणि विज्ञानाची शिकवणी चालवायचा, सैन्यदलांच्या परीक्षांना बसणारी मुलं त्याच्याकडे यायची. शेजारीपाजारी त्याला सर म्हणत. त्याच्याकडे विमान चालवायचा परवाना होता हे निम्म्या धारला माहीत होतं, आणि त्याने एकाही प्रवाशाला घेऊन कधी उड्डाण केलं नाही हे उरलेल्या निम्म्या धारला.

लहानपणी तो सुटीत आमच्याकडे देवासला यायचा. मी तेव्हा नुकताच कारखान्याच्या हिशेब विभागात लागलो होतो. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. इंदूरला उतरणारी विमानं कधीकधी आमच्या बाजूने यायची, तेव्हा टेकडीवरच्या देवीच्या दिव्यांच्या वरून एक दिवा सरकत जायचा. तो दिसला की हा उठून उभा राहायचा, आणि दिसेनासा होईपर्यंत बसायचा नाही. दहा वर्षांच्या पोराला मी विचारलं होतं की तुला त्यात बसायचंय का. तो म्हणाला, “बसायचं नाही दादा, चालवायचंय.” पुढे तीस वर्षांत त्याच्या तोंडून याहून वेगळं काही मी ऐकलं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याचे वडील गेले. त्याच वर्षी तो हवाई दलाच्या परीक्षेला बसला. लेखी झाली, पाच दिवसांची मुलाखत झाली, आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची जी यंत्रावरची चाचणी असते तीही झाली. ती चाचणी माणसाला आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला तर पुन्हा नाही, वशिला नाही, अर्ज नाही. त्याच्या गटातले बहुतेक जण तिथूनच परतले आणि मिलिंद पास झाला. वैद्यकीय तपासणीही निर्वेध पार पडली. त्या दिवशी त्याने धारहून फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही... मीच इंदुरी ढंगात म्हणालो, “बिल वाढून राहिलंय भिया, बोल काहीतरी.” तेव्हा हसला.

रुजू व्हायचं पत्र आलं त्या आठवड्यात आम्ही धारला गेलो. माझे वडील, मी, आत्या आणि मिलिंद असे चौघे बसलो. त्या काळात खासगी विमान कंपन्या रोज नवी विमानं घेत होत्या. उड्डाणशाळेतून परवाना काढून आलेल्या पोरांना लाख-दीड लाख पगार मिळतो असं सगळीकडे बोललं जायचं. वडिलांनी मला दोन्हींचा हिशेब मांडायला सांगितला. फौजेत पगार तेव्हा बेताचाच होता, पण शिक्षण, राहणं, खाणं सरकारचं, आणि पुढे पेन्शन. दुसरीकडे उड्डाणशाळेची फी, हॉस्टेल आणि उड्डाणाचे तास धरून अठरा लाखांच्या आसपास खर्च. त्यासाठी मांडूच्या रस्त्यावरची जमीन विकावी लागणार आणि वर बँकेचं कर्ज. नोकरी लागली तर तीन-चार वर्षांत फिटलं असतं. मी जोखीम दोन्हीकडे धरली होती. माझं मत स्पष्ट होतं आणि ते मी सांगितलं, की आकडे फौजेच्या बाजूने आहेत. वडील म्हणाले, एकुलता एक आहे, लढाऊ विमान आहे, ते कसं मांडणार? मी म्हणालो, ते मांडता येत नाही.

मग आत्याने मुलाला विचारलं, “नवरात्रात रजा मिळेल का?”

धारच्या बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आत्याच्या सासरी आश्विनातल्या नवरात्राचं फार कडक. घरातला कर्ता पुरुष घटाशी बसतो. नऊ दिवस, नऊ माळा, दिवा विझू द्यायचा नाही, जमिनीवर निजायचं, दाढी करायची नाही आणि गावाची वेस ओलांडायची नाही. घराण्यातले पूर्वज संस्थानच्या नोकरीत होते तेव्हा दरबारातूनही त्यांना या दिवसांची मोकळीक असे, असं घरात अभिमानाने सांगत. आत्याचे यजमान शाळेत मास्तर होते. त्यांनी बिनपगारी रजा घेऊन हे पाळलं, एकदा तर तपासणीला साहेब आले असताना. ते गेल्यावर त्या पाटावर बसायला एकटा मिलिंद होता. आम्ही माहेरचे, वेगळ्या कुळाचे, आमचा उपयोग नव्हता.

मिलिंद खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, “फौजेत ठरवून नाही सांगता येत, आई. ड्यूटी असली तर असली.”

“आणि त्या दुसऱ्यात?”

“महिनाभर आधी अर्ज टाकला तर देतात म्हणे.”

“मग झालं तर,” आत्या म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मी मिलिंदकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, “दादा, विमान तर दोन्हीकडे आहे ना.” तो रागावला नव्हता. आईने काही भलतं मागितलं असं त्याला वाटलंच नाही. ते मलाही वाटलं नाही, वडिलांनाही नाही. घटाशी दुसरं कुणी बसू शकतं का, हा प्रश्न त्या खोलीत कुणाच्या डोक्यातच आला नाही. पत्राला नकार कळवला. जमीन त्या वर्षअखेर विकली गेली.

परवाना काढून तो परत आला तेव्हा बाजार बसला होता. कंपन्यांनी भरती थांबवली, काहींनी विमानंच उभी केली. त्याच्यासारखी परवाना हातात घेऊन बसलेली पोरं देशभर होती. तरी तो अर्ज करत राहिला. एकदा, एकदाच, बोलावणं आलं. मुंबईला लेखी परीक्षा, आणि तारीख पडली पाचव्या माळेला. हे त्याने मला फोनवर सांगितलं, आईला नाही. मी म्हणालो जा, मी येतो धारला, दिवा मी बघतो. तो म्हणाला, “तू दिवा बघशील दादा, पण पाटावर कोण बसणार?” त्याने कंपनीला दुसरी तारीख मागितली. त्यांनी चांगल्या शब्दांत होकार कळवला. ती दुसरी तारीख आली नाही. वर्षभराने ती कंपनीही राहिली नाही. आत्याला ही गोष्ट आजही माहीत नाही, आणि ती वर्तमानपत्र वाचत नाही म्हणूनच मी इथे लिहू शकतोय.

शिकवणी त्याने कर्जाचे हप्ते भरण्यापुरती काढली होती. ती चांगली चालली. त्यात त्याचा जीव होता असं मात्र मी म्हणणार नाही. परवाना जिवंत ठेवायला तपासण्या लागतात, उड्डाणाचे तास लागतात, आणि एकेक तास हजारोंचा. वर्षभराची शिल्लक तो दिवाळीनंतर दोन दिवसांत उडवून यायचा, शब्दशः. परत येताना देवासला उतरायचा, तेव्हा त्याचा चेहरा पाहून शैला मला खुणेने सांगायची की आज काही विचारू नका, नुसतं वाढा. नोकरीसाठी मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण करायला आणखी पंधरा लाख लागले असते. मी माझा भविष्य निर्वाह निधी काढायची तयारी दाखवली होती. तो म्हणाला, “वहिनीला विचारलंस का? नाही ना? मग जेव.”

धारच्या चौकात त्याची थट्टा व्हायची. पानवाला त्याला बघितलं की हमखास विचारायचा, “क्यों कप्तान साब, जहाज कां खड़ा किया आज?” मिलिंद गंभीरपणे सांगायचा, “पार्किंग नी मिली भिया, किल्ले पे छोड़ आया.” दोघं हसायचे. अशी वर्षं गेली. पुढे त्याच्या शिकवणीतला एक मुलगा हवाई दलात वैमानिक झाला आणि पेढे घेऊन घरी आला. मी त्या दिवशी तिथे होतो. मिलिंदने त्याला तासभर एकेक गोष्ट विचारली. विमान वळवताना हाताला कसं लागतं, ढगात शिरताना पोटात काय होतं, पहिल्यांदा एकट्याने वर गेलास तेव्हा मागची शिक्षकाची रिकामी जागा बघितलीस का. तो मुलगा गेल्यावर आत्या म्हणाली, किती वाळलाय बिचारा, घरी येतो का रे सणाला? मिलिंद म्हणाला, “नाही येता येत.” आत्या समाधानाने म्हणाली, “बघ.” मिलिंदने पेढ्यांचा डबा उचलून आत ठेवला.

घराच्या गच्चीवर त्याने एक वाऱ्याची पिशवी बांधली होती, धावपट्टीच्या कडेला असते तशी. आत्याचं जुनं नऊवारी लुगडं फाडून स्वतः शिवलेली, उंच बांबूवर. वारा भरला की ती आडवी व्हायची, आणि मिलिंद रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याकडे पाहत उभा राहायचा. खाली येऊन सांगायचा, आज मांडूकडून आहे, जोर बरा आहे, आज उतरायला त्रास झाला असता. कुणाला झाला असता हे आम्ही विचारत नसू. लुगडं उन्हाने विटलं की तो आत्याकडे दुसरं मागायचा, आणि ती म्हणायची, माझी लुगडी तुझ्या वाऱ्यालाच पुरायची.

अडतिसाव्या वर्षी तपासणीत साखर निघाली, रक्तदाबही. त्याला अपात्र ठरवलं. तात्पुरतं होतं ते, औषधांनी आटोक्यात आलं असतं तर पुन्हा जाता आलं असतं. तो गेला नाही. गोळ्याही नीट घेतल्या नाहीत असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मी या दोन गोष्टी जोडत नाही. जोडण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मात्र त्यानंतरच्या तीन नवरात्रांत मी त्याला पाटावर बसलेलं पाहिलं, दाढी वाढलेली, डोळे दिव्यावर... आणि तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे हे मला मुद्दाम आठवावं लागे. वडील गेल्यापासून त्याने एकही नवरात्र चुकवलं नाही. रजा मागायची वेळच कधी आली नाही.

यंदा मला वाटलं होतं की आत्या घट बसवणार नाही. मी तसं सुचवलंही. ती म्हणाली, कुळाचार बंद कसा करायचा, वर्ष दुःखाचं असलं तरी देवीला काय सांगू? शेजारच्या बाईंनी धारच्याच एका गुरुजींचा नंबर दिला. तरुण माणूस, मोटरसायकलवर आला. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी आरतीला तास, माळ तो बांधणार, दिव्याचं घरच्यांनी बघायचं. यंदा तीन घरं घेतली आहेत म्हणाला, एक पार पीथमपूरला. शैला आणि मी रजा टाकून नऊ दिवस आत्याकडे राहिलो आणि दिवा बघितला. दिवा विझला नाही. सगळं यथासांग झालं.

पाचव्या माळेला गुरुजी गच्चीवर सोवळं वाळत घालून खाली आले आणि म्हणाले, “आजी, वर बांबूला लुगडं अडकलंय. काढून देऊ का?” आत्या म्हणाली, “राहू द्या.” मग थोड्या वेळाने, फुलं निवडता निवडता तिने त्यांना विचारलं, “गुरुजी, हे असं चालतं? घरचं माणूस नसताना?”

“चालतं की. पुष्कळ घरी असंच आहे आता. मुलं पुण्याला, बंगळूरला, कुणी फौजेत. यजमानाच्या नावाने संकल्प सोडायचा, झालं.”

“हे नवीनच निघालं असेल.”

“छे हो. माझे वडील करायचे. दोन घरं फौजेतल्यांचीच होती त्यांच्याकडे.”

आत्याने झेंडूचं एक फूल हातात घेतलं, आणि ते टोपलीत टाकायचं सोडून खाली ठेवलं. त्या रात्री ती जेवली नाही. उपास आहे म्हणाली. उपास आधीपासून होताच, पण फराळही केला नाही.

दसऱ्याला सकाळी घट उठले. गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं, त्यांनी गाडी चालूच ठेवली होती. आत्याने मला खूण केली. वर पिशवी आडवी झाली होती, वारा मांडूकडून होता. मी गुरुजींच्या हातात नऊ दिवसांचे तीन हजार एकशे रुपये दिले.