शिस्त मोडू नका

बाहेर तमिळ, आधी शाळेत आणि आता ऑफिसात इंग्रजी, म्हणून आवडी नावाच्या उपनगरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबांना फक्त मराठी हवी. त्यामुळे मी कॉम्प्युटरवर किल्ला बांधायचा खेळ खेळते, तोही मराठीतच चालतो. त्यात बुटकी माणसं डोंगर पोखरून राहतात आणि खऱ्यासारखे खडकांचे थर लागतात. मी मेटामॉर्फिक म्हटलं की बाबा म्हणणार, रूपांतरित म्हण. मार्बल नाही, संगमरवर. शिस्ट नावाच्या खडकाला मात्र त्यांनाही शब्द सापडला नाही, म्हणून तो तेवढा सुटला.

या डोंगरात संगमरवराशिवाय पोलाद होणार नव्हतं, आणि पोलादाशिवाय माझे सैनिक पुढच्या हल्ल्यात टिकले नसते. तो सापडला अगदी तळाशी. पण शेजारीच जमिनीखालचं तळं होतं, आणि मध्ये शिस्टची एकच भिंत.

नेमकं शनिवारी मला एग्मोरच्या ऑफिसात बोलावलं. बाबांना सुट्टी होती, म्हणून खोदकाम त्यांच्यावर सोपवलं आणि ऑफिसातून बजावायला मेसेज केला. ‘ब्रेक’ला मराठीत मोडणं, तोडणं, फोडणं, काय काय आहे. मी मोडणं घेतलं. शिस्टमधला ट फोनला पटला नाही, त्याने परस्पर त केला. मी न वाचता पाठवलं: बाबा, शिस्त मोडू नका.

उत्तर आलं, ‘मी आजवर कधी मोडली नाही.’ मोडली की मोडला, इकडे माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर पडद्यावर नुसतं पाणी. बाबांना भिंतीत गार्नेटचे लाल रत्नखडे दिसले आणि त्यांनी ती फोडायला घेतली होती. दगड ओला आहे, असं सांगून खेळाने काम थांबवलंही होतं. यांनी पुन्हा हुकूम सोडला. आई म्हणाली, दिवसभर अगदी शिस्तीत खेळत होते.

“मला शिस्ट म्हणायचं होतं,” मी म्हटलं.

“मग फोडू नका म्हणायचं. शिस्त मोडतात, दगड फोडतात. किती वर्षं सांगतोय.”

बुडालेल्या बुटक्यांबद्दल चकार शब्द नाही. संगमरवर पाण्याखाली गेला, पोलाद कुठलं व्हायला? मी तो किल्ला सोडला आणि नवी जागा शोधायला लागले, तर बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. इथे गार्नेट असतील का, विचारायला लागले. मी चुनखडीचा प्रदेश निवडला. चुनखडीनेही पोलाद होतं. गार्नेट इथे नसतात, म्हटलं. मग ते उठून टीव्हीकडे गेले.