तांदळात ठेवलेली लेन्स

“तांदळात ठेव म्हणालो होतो, तेलात बुडव म्हणालो नव्हतो,” योगराज म्हणाला आणि लेन्स पुन्हा खिडकीच्या उजेडात धरून बघू लागला.

मंदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही. दिवाळीपासून ती हे वाक्य ऐकत होती. कधी जेवताना, कधी अंथरुणं घालताना. आज त्याला जास्त धार होती, कारण सकाळीच स्टेशनजवळच्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने लेन्स परत दिली होती. रिंगमधून तेल आत उतरलंय, त्यावर बुरशी धरलीय, बुरशीने काचेवरचा थर खाल्लाय. आता पुसून काही उपयोग नाही, असं त्याने सांगितलं होतं.

“घरोघर तांदूळले एरंडेल लावतस,” साड्यांचे धागे कापत बसलेल्या उषाबाई म्हणाल्या. “तिनी काय येगळं करं?”

“आई, तू मध्ये पडू नको.”

“मी मधमाच शे. तुम्ही दोन्ही दोन कोपराले.”

सासू आपली बाजू घेते याचं मंदाला बरं वाटायचं, आणि वाईटही. चूक झाली नसती तर बाजू घ्यायची वेळ आली नसती.

सुरतेत प्लेग आला तेव्हा त्यांची अर्धी गोडादरा वस्ती बघता बघता गावाकडे पळाली. योगराज भुसावळच्या गाडीत जागा धरायला पुढे गेला होता. जाताना दारातूनच त्याने सांगितलं, की घर किती दिवस बंद राहील नेम नाही, एकशे पस्तीस एमएमची लेन्स कोरड्यात ठेव, तांदळात ठेवलीस तरी चालेल, तांदूळ ओल ओढून घेतो. कॅमेरा आणि बाकीच्या लेन्स त्याने पिशवीत बरोबर घेतल्या. ही मात्र गर्दीत कुठे आपटेल म्हणून मागे ठेवली, कारण तिच्यावर त्याचा सगळ्यात जास्त जीव होता. मंदाने ती चामड्याच्या डबीतून बाहेर काढली, कारण चामडं दमट होतं हे त्यानेच तिला शिकवलं होतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळली आणि तांदळाच्या कोठीत खोल रोवली. त्या तांदळाला पावसाळ्याआधी तिने दोन्ही हातांनी एरंडेल चोळलं होतं. तिची आई चोळायची, सासू चोळायची, खानदेशातून आलेल्या प्रत्येक घरात चोळतात, नाहीतर श्रावणात भातापेक्षा पोरकिडे जास्त शिजतात. दिवाळीला परत येऊन घर उघडलं तेव्हा लेन्स तेलकट निघाली. ते तेल मलमलीतून काचेला लागेल हे तिला सुचलं नव्हतं. त्याच कोठीतला भात रोज खाणाऱ्या योगराजलाही सुचलं नव्हतं. पण हे ती कधी बोलली नव्हती.

योगराजचे वडील चिंधा यांचा जन्म बमरोलीच्या कापडाच्या लूमवर गेला. योगराजही काही वर्षं तिथे उभा राहिला. मग एका स्टुडिओवाल्याकडे फोटो धुवायला शिकला आणि पुढे त्याच माणसाकडून जुना रशियन कॅमेरा घेतला. लेन्स त्याने एकेक करून जमवल्या, बायका भांडी जमवतात तशा. रविवारी दुपारी तो चटईवर फडकं अंथरायचा, तिन्ही लेन्स मांडायचा आणि बसल्या बसल्या बदलून बघायचा. अठ्ठावीसची लग्नघरासाठी. वीतभर खोलीत हळदीला बसलेलं अख्खं गणगोत तिच्यात मावायचं, पण कडेला बसलेल्या मावश्या-आत्या फुगून यायच्या आणि मग आल्बम बघताना त्याला शिव्या द्यायच्या. पन्नासची रोजच्या कामाची, ती दाखवायची ते खरं. आणि एकशे पस्तीसची लांबून बघायची. नवरी सासरी निघाली की तो मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा. “जवळ गेलं की माणूस फोटोचं तोंड करतं,” तो म्हणायचा. “लांबून खरं तोंड सापडतं.”

त्यांच्या लेकीच्या, नूतनच्या बाबतीत तर दुसरा उपायच नव्हता. कॅमेरा दिसला की पोरगी जीभ काढायची. म्हणून संध्याकाळी तो मागच्या गॅलरीत उभा राहून पाण्याच्या टाकीखाली खेळणाऱ्या पोरांत तिला शोधायचा. कॅमेऱ्यात बहुतेक वेळा रोल नसायचाच, रोल गिऱ्हाइकांचा. तो नुसता बघायचा आणि आत चुलीपाशी असलेल्या मंदाला सांगायचा. आता फुगडी घालतेय. आता भांडतेय. आता बघ, ये बघ, एकटीच हसतेय. मंदाचे हात पिठाचे असायचे. “नंतर बघते,” ती म्हणायची.

नूतन कावीळ होऊन गेली, प्लेगच्या आदल्या वर्षी. दुसरीत होती. तिचे म्हणून फोटो दोनच निघाले, त्यातला एक भिंतीवर लावला. त्यानंतरही योगराज संध्याकाळी ती लेन्स चढवून गॅलरीत उभा राहायचा. फक्त काही सांगायचा नाही. मंदाही विचारायची नाही. दिवाळीपासून तेही बंद झालं होतं.

भाकऱ्या झाल्या तोवर वाल्मिक पाळीवरून आला. योगराजचा धाकटा भाऊ, अजून लूमवरच होता. यंत्रांच्या खडखडाटाने त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे साधं बोलणंही तो ओरडून करायचा. आज त्याच्याकडे बातमी होती. कतारगामचा सुकलाल आपला व्हिडिओ कॅमेरा द्यायला तयार आहे. बदल्यात योगराजचा सगळा संच हवा, कॅमेरा, लेन्स, फ्लॅश सगळं. खराब झालेली लेन्स नसली तरी चालेल. लग्नसराई तोंडावर आली, आता जो तो कॅसेट मागतो, आल्बम कोण बघतं? दोघं भाऊ मिळून धंदा करू, मी लूम सोडतो, नाहीतर अजून थोड्या दिवसांनी बायकोचंही ऐकू येणार नाही.

“तो तुना फायदाच शे,” उषाबाई पुटपुटल्या. वाल्मिकला ते ऐकू गेलं नाही.

हीच गोष्ट त्याने याआधी कितीदा तरी काढली होती आणि योगराजने दर वेळी उडवून लावली होती. आज योगराजने हातातली लेन्स खाली ठेवली. मग म्हणाला, “ने. सगळं ने. पिशवी दे गं काढून.”

मंदाने हात धुतले, पदराला कोरडे पुसले, कपाटातून पिशवी आणली. पण ती वाल्मिकपुढे ठेवली नाही. कॅमेरा बाहेर काढला आणि योगराजपुढे धरला.

“ती लावून द्या.”

“काय करायचंय? आंधळी झालीय ती.”

“लावून द्या.”

त्याने लेन्स पेचावर फिरवून बसवली. कॅमेरा घेऊन ती गॅलरीत गेली. थोड्या वेळाने तो मागे येऊन उभा राहिला.

“कुठे बघायचे तुम्ही?”

“टाकीच्या डाव्या अंगाला.” त्याने हात पुढे करून रिंग फिरवली. “दिसतंय?”

उतरतं ऊन समोरून येत होतं. आत सगळं दुधात पाणी घातल्यासारखं पांढुरकं होतं. टाकीचे खांब विरघळल्यासारखे उभे होते आणि त्यांच्या मधून पोरं धावत होती. कोण कोणाचं, ओळखायला येत नव्हतं. एक लाल फ्रॉक होता. हातभर वेणी होती. फ्रॉक गोल फिरला, खाली बसला, उठला.

“ती लाल फ्रॉकवाली कोण?” मंदाने विचारलं.

योगराजने कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला. रिंग पुढे-मागे फिरवून बघितली.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “लेन्स साफ होती तेव्हा लगेच कळायचं, की ही आपली नाही.”

मंदाने त्याच्या हातातून कॅमेरा परत घेतला आणि पुन्हा डोळ्याला लावला. लाल फ्रॉक आता दुसऱ्या कोणाचा तरी हात धरून गिरक्या घेत होता. टाकीची सावली मैदानभर पसरली आणि पोरं एकेक करून घरी गेली, तोवर ती तशीच उभी होती. आतून वाल्मिकने दोनदा हाक मारली. उषाबाईंनी त्याला गप्प बस म्हणून हाताने खुणावलं.

मग ती आत आली. पन्नासची आणि अठ्ठावीसची लेन्स, फ्लॅश, त्याची वायर, सगळं पिशवीत भरलं, चेन लावली आणि पिशवी वाल्मिकपुढे ठेवली. कॅमेरा आणि त्यावर चढवलेली लेन्स तिच्याच हातात होती. वाल्मिकला ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने बोलली, पण आवाजात राग नव्हता.

“भाऊ, कॅमेरा आणि ही लेन्स घरात राहील. ती विकायची नाही, कोणाकडे दुरुस्तीला न्यायची नाही. बाकीचं उद्या घेऊन जा. सुकलालला तेवढं कमी पडलं, तर व्हिडिओ घ्यायचा नाही.”