चादरीची घडी आणि एक्सवाय

आमची ताई हट्टी. एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. दवाखान्याच्या धुलाईखान्यात आम्ही दोघी बहिणी वीस वर्षं चादरींच्या घड्या घालतोय. तिथली मुख्य बाई निवृत्त होणार होती. जागा ताईलाच मिळायची, पण साहेब म्हणाले, "आधी शालान्त पास व्हा." ताईचं एक गणितच राहिलेलं. पंचेचाळिसाव्या वर्षी बाईसाहेब फॉर्म भरून मोकळ्या!

पहिल्यांदा आपटली. मी म्हणाले, "पुरे की आता, हसं होतंय." दोन दिवस अबोला धरला तिनं.

तिची लेक शिकवायची. सरूप पदं, म्हणजे सारख्या अक्षरांची, तेवढीच एकत्र करायची, बाकीची आपापल्या जागी. ताई तीन एक्स नि दोन वाय मिळवून बिनधास्त पाच एक्सवाय लिहायची. पोरगी कपाळावर हात मारायची. मग ताईनंच तोड काढली, "चादरी नि अभ्रे मी कधी एका गठ्ठ्यात बांधते का?" तेवढं जमलं. पण तीन एक्सवाय नि दोन वायएक्स आले की गाडी अडलीच. दोन्ही वेगवेगळे ठेवायची. म्हणे, अक्षरं उलटी, म्हणजे माल वेगळा.

परीक्षेला चार दिवस राहिले, तेव्हा कामावरसुद्धा तेच पुटपुटत होती. माझं डोकंच फिरलं. मी आधी लांबी दुमडते, ती आधी रुंदी. त्यावरून आमची रोजची भांडणं. तिच्या नि माझ्या घडीची एकेक चादर मी तिच्यासमोर फडकन झटकली. "बघ बाई! लांबी आधी दुमड नाही तर रुंदी, चादर तेवढीच ना?"

ताई बघतच राहिली. मग म्हणाली, "पाच एक्सवाय." आणि मला मिठीच मारली, ओल्या हातांनी.

अडतीस गुण मिळाले. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. नव्या खुर्चीवर बसल्या दिवशी ताईनं मला बोलावलं आणि परीक्षेचा कोरा फॉर्म पुढं सरकवला.

"छे! मला कुठलं गणित येतंय? मी सातवीतच शाळा सोडली."

"मग मला अडलेलं कुणी सोडवलं गं?"

तोंड वाकडं करून मी तिच्याच पेननं नाव लिहिलं.