दिव्यापाशी बसलेली दुपार

देवी माझ्यावर रागावली आहे, असं मी मनाशी धरूनच बसले होते. आमचं घराणं देवीचं. नवरात्रात घरी घट बसतो, नऊ दिवस अखंड दीप तेवतो, आणि लग्न होऊन आल्यापासून तो दीप सांभाळायचं काम माझ्याकडे. तशी मी फार गोड भक्त नाही. देवीशी हुज्जत घालते, रुसते, नवस बोलून फेडायला उशीर करते. पण तेलवातीत कधी कुचराई केली नव्हती. तरीही माझंच घर पेटलं, आणि पेटल्यानंतर माझ्या हातून साधं निरांजनही लावलं जाईना. याचा अर्थ काय लावायचा माणसाने?

नेरुळला सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. उन्हाळ्यातली दुपार होती. नवरा ऑफिसात, घरात मी आणि सासूबाई. बेडरूममधल्या एसीच्या वायरिंगने पेट घेतला आणि बघता बघता पॅसेज धुराने भरला. दारापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. मी सासूबाईंना ओढत बाथरूममध्ये नेलं, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, नळ सोडला आणि आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. दाराच्या काचेवर पलीकडून नारिंगी उजेड नाचत होता. अग्निशमन दलाचे लोक आले, आम्हाला बाहेर काढलं. खोकला सोडला तर दोघींनाही काही झालं नाही. सगळे म्हणाले, देवीनेच वाचवलं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, वाचवायचंच होतं तर पेटवलं कशाला?

घराला नवा रंग लागला, नवे पडदे आले. मी मात्र त्या बाथरूममधून बाहेर आलेच नव्हते. काडी ओढल्याचा आवाज आला तरी छातीत धडधडायचं. शेजारी फोडणी करपली की मी पहाटेसुद्धा उठून सगळ्या खोल्या हुंगत फिरायचे. सोसायटीच्या गणपतीत आरतीचं तबक माझ्यासमोर आलं, आणि मी हात पुढे करण्याऐवजी सगळ्यांना ढकलत अनवाणी घरी पळाले. त्यानंतर आमच्या देवघरात विजेचा दिवा आला. तो सासूबाईंनी स्वतः बाजारातून आणला. "असू दे गं, देवीला काय, उजेडाशी मतलब," त्या म्हणाल्या. त्या वाईकडच्या, कुळाचाराच्या कडक. त्यांनी इतकं सहज सोडून दिलं म्हणजे त्या माझी कीव करताहेत असं वाटून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सुरू झाले उपाय. कुणी सांगितलं म्हणून एका 'बघणाऱ्या' बाईंकडे गेले. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की कुळाचारात चूक आहे, देवीचा कोप आहे. मी ओट्या भरल्या, उपास धरले, पारायणं केली, आणि प्रत्येक उपायानंतर काडीपेटी हातात घेऊन पाहिली. काडी काही ओढवायची नाही. मग मला खात्रीच पटायची की कोप उतरलेला नाही. भीतीचं कारण देवीचा राग आहे असं धरलं की असं होतं. जेवढी जास्त भीती, तेवढी देवी जास्त रागावलेली.

शेवटी नवरा म्हणाला, "सानपाड्याला एक समुपदेशक आहेत. एकदा जाऊन तर ये. नाही पटलं तर सोडून दे, टेन्शन घेऊ नको." मला ते देवीवरच्या अविश्वासासारखं वाटलं. तरी गेले, कारण झोप उडाली होती आणि झोप नसली की माणसाचा ताठा फार टिकत नाही.

त्या बाई माझ्याहून लहानच असतील. मी त्यांना कोपाचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, वादही घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "आग विझलीय, हे तुमच्या मनाला माहीत आहे. तुमच्या शरीराला अजून कुणी सांगितलेलं नाही. आपण ते त्याला हळूहळू सांगू." मी विचारलं, मग देवीचं काय? त्या म्हणाल्या, "औषधाची गोळी घेताना देवाचं नाव घेतोच ना आपण? इथेही घ्या." हे मला पटलं. त्यांनी श्वास शिकवला. आत घ्यायचा त्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त वेळ घ्यायचा. मी सोडताना देवीचं नाव घ्यायला लागले. भीती चढायला लागली की पायाखालची जमीन नीट चाचपायची, आजूबाजूच्या वस्तूंची नावं मनात घ्यायची, म्हणजे मन त्या दुपारीत न जाता आत्ताच्या जागेत राहतं. भीतीला दहापैकी गुणही द्यायचे. मास्तरकीचा हा उद्योग मला आवडला, कारण इतके दिवस भीतीच मला नापास करत होती.

मग पायऱ्या सुरू झाल्या. आधी दिव्याचं चित्र बघायचं. मग बंद काडीपेटी मुठीत धरून बसायचं. मग समुपदेशक ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला काडी पेटवणार आणि मी नुसती बघणार. इथवर आले, आणि पुढची पायरी, म्हणजे काडी मी स्वतः ओढायची, तिथे मी अडले ती अडलेच. तोवर नवरात्र उजाडलं. घट बसला आणि त्याच्याशेजारी विजेचा दिवा. मला त्याच्याकडे बघवेना. समुपदेशक ताई म्हणाल्या, "काडी राहू द्या. जिथे दिवा तेवतो अशा जागी भरदिवसा जा आणि लांब बसा. भीती फार वाढली तर सरळ बाहेर या. पळून आलात असं कुणी म्हणणार नाही."

म्हणून मी सारसोळ्याच्या देवळात गेले. नेरुळच्या इमारती संपता संपता हे कोळ्यांचं जुनं गाव लागतं. गावदेवीचं लहानसं देऊळ आहे, नवरात्रात तिथे अखंड दीप असतो आणि गावातल्या बायका आळीपाळीने त्याच्याजवळ बसतात. मी दुपारची गेले. खाडीकडून वारा येत होता, त्याला मिठाचा आणि सुकवलेल्या मासळीचा वास. गाव जेवून पडलं होतं. मी दारातल्या खांबाला टेकून बसले. गाभाऱ्यात समईएवढा उंच दिवा, आणि त्याच्याजवळ हिरवं लुगडं नेसलेल्या एक म्हातारबाई काजळी झाडत होत्या. दिव्याची काच त्यांनी पुसायला काढून बाजूला ठेवली होती. ज्योत उघडी होती. माझी भीती पाचावर. चालण्यासारखं होतं.

म्हातारबाईंनी वर पाहिलं. "इकरं ये गो. तू नाखव्यांची सून ना?"

"नाही हो, मी इथली नाही."

"मंग? देवी तं इथलीच हाय ना?" त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "बस इकरं. वाती बग. तेल कमी झालं तं घाल. मी आलेच."

"अहो मावशी, मला नाही जमत—"

"तेल घालायला काय जमायचं हाय त्यात?" असं म्हणत त्या गेल्यासुद्धा.

देवळात मी एकटी उरले. मी बाहेर डोकावून पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं, एक मांजर तेवढं जाळ्यांच्या ढिगावर झोपलं होतं. निघून जायची मला मुभा होती. पण निघून गेले आणि दिवा विझला तर? तो माझ्या घरचा दिवा नव्हता. सगळ्या गावाने बसवलेला होता, आणि आत्ता त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आत आली, ज्योत आडवी झाली, निळी पडली, पुन्हा उठली. माझी भीती आठावर गेली, नवावर गेली. मी देवीला म्हणाले, हे तुझं बरं नाही हं. मी लांब बसायला आले होते.

पुढचं मला सलग आठवत नाही. फरशी थंड होती, ती मी तळव्यांनी दाबून धरली. झेंडूची माळ, तांब्या, नारळ, शेंदूर, असं एकेकाचं नाव घेत गेले. श्वास सोडताना देवीचं नाव. आणि त्यातच केव्हातरी मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोहोचले होते. पुन्हा वारा आला. विचार करायला वेळच नव्हता. मी वारा आणि ज्योत यांच्यामध्ये हात धरला. तळहाताला ऊब लागली, पण भाजलं नाही. ज्योत सरळ झाली आणि माझ्या हाताच्या आडोशाला शांत उभी राहिली. मी दुसऱ्या हाताने तेलाचं भांडं कलतं केलं. थोडं सांडलं, बाकीचं दिव्यात गेलं. मग बाजूला ठेवलेली काच हळूच त्यावर बसवली आणि तिथेच मांडी घालून बसले.

ती दुपार संपतच नव्हती. उन्हाची एक पट्टी दारातून आत येऊन हळूहळू सरकत होती. मधूनच होडीच्या इंजिनाचा आवाज लांबून यायचा आणि विरून जायचा. दिव्याच्या उजेडात देवीचे डोळे एकदा ओले वाटायचे, एकदा हसरे. मला झोपही आली नव्हती आणि मी नीट जागीही नव्हते. रडत होते एवढं आठवतं. इतके महिने ज्या ज्योतीला मी ती आग समजत होते, ती माझ्याकडे घोटभर तेल मागत होती. आणि देवी? तिच्या चेहऱ्यावर रागाचं नावही नव्हतं. मी शोधून शोधून पाहिलं.

केव्हातरी म्हातारबाई परतल्या. "जळतंय ना? मंग झालं," म्हणाल्या, माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि आपल्या जागेवर बसल्या.

देवीच्या अनुभवांच्या गोष्टी मीही पुष्कळ वाचल्या आहेत. दुसऱ्या दिवशी शोधायला जावं तर गाव म्हणतं, अशी बाई इथे कुणी नाहीच. मी दुसऱ्या दिवशी गेले, आणि खोटं कशाला सांगू, थोडी आशा होतीच. पण म्हातारबाई तिथेच होत्या, हिरव्याऐवजी लाल लुगड्यात, आणि माझ्यावर चिडल्या होत्या. मी काल तेल सांडलं होतं आणि त्यावरून त्यांचा पाय घसरता घसरता राहिला होता. मी विचारलं, "मावशी, काल तुम्ही मलाच का बसवलंत?" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शेजारनीकरं च्या प्यायला गेलेली. बोलत बसली नि दिव्याचं इसरूनच गेली बग. कोनाला सांगू नको हां." मला इतकं हसू आलं की त्याही हसायला लागल्या. देवीने पाठवलेली बाई चहाच्या नादात दिवा विसरते, यात देवीचं काही कमी होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या, एका दुपारीत सगळं बरं झालं असं धरून चालू नका. ते खरंच होतं. करपल्या वासाने मी अजूनही दचकते. पण त्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर काडी ओढली, आणि अष्टमीच्या संध्याकाळी घरी देवघरासमोर बसले. तेल घातलं, वात भिजवली. पहिल्या दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली, दिवा लागला. मी ओरडलेच, "आई, या ना! बघा!"

त्या आल्या नाहीत. वळून पाहिलं तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभ्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. आधी वाटलं, चक्कर आली असेल. मी धावले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि दिव्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नाही गं बघवत. त्या दिवसापासून नाही बघवत."

बाथरूमच्या फरशीवर त्या दुपारी आम्ही दोघी बसलो होतो, आणि तिथून उठून मी माझ्या भीतीसाठी सानपाड्यापर्यंत गेले, पण शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं. विजेचा दिवा त्यांनी माझी कीव करून आणलाच नव्हता. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तू आधीच एवढी घाबरलेली. दोघी घाबरलो तर घर कुणी सांभाळायचं? आणि या वयात लोक म्हणाले असते, म्हातारी जिवाला भ्यायली."

मी दिवा विझवू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, नको, देवीचा आहे. मग मी त्यांना तिथेच दारात, दिव्यापासून लांब, खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या पायाशी बसले. चपला काढायला लावल्या, तळवे फरशीवर ठेवले. श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. काय काय दिसतंय त्याची नावं घ्यायला लावली. त्या शाळेतल्या मुलीसारख्या एकेक सांगत गेल्या. घट, विड्याची पानं, हळदीकुंकवाचा करंडा. खूप वेळाने म्हणाल्या, "ज्योत." आणि माझं मनगट सोडलं.

इतके दिवस मी देवीकडे एकच मागणं मागत होते, माझी भीती ने. तिने ती नेली नाही, आणि मी त्यालाच कोप म्हणत राहिले. आता वाटतं, तिच्या हिशेबात मी एकटी नव्हतेच. आपण फक्त पुढ्यात येईल त्या वातीला तेल घालावं, उरलेलं तिच्याकडे सोपवावं. एवढं कळायला मला घर पेटावं लागलं, हे मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही, आणि ते तिला ठाऊक आहे. तरी रोज तिच्यासमोर हात जोडते तेव्हा मन भरून येतं.

नवमीच्या संध्याकाळी मी काडीपेटी हातात घेतली, तर मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाईंनी ती थोडी पुढे घेतली होती.

"हं, लाव," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."