पोळ्याची खोट

ती घटना आजही आठवली की हायसं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत अशा आठवणी थोड्याच.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी जवळच्या गावातले एक वयस्कर शेतकरी तक्रार घेऊन आले.

"साहेब, अमेरिकेची एक बाई गावात हिंडून राह्यली. शाळेच्या मास्तरले इंग्रजीत सांगे, माहा पणजोबा इथलाच. वावरात हिस्सा मागाले आली असन. टाका तिले आत!"

"आत टाकायला आधी गुन्हा लागतो, काका," मी म्हणालो. पण गावात पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवाही उठली होती. जमाव जमला असता तर बाईच्या जिवावर बेतलं असतं. महिला शिपाई पाठवून तिला ठाण्यात आणलं.

पन्नाशीची बाई, रंग आपल्यासारखाच, मराठीचा गंध नाही. पासपोर्ट, व्हिसा, लॉजची नोंद सगळं रीतसर. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारपूस केली. तिचा पणजोबा जहाजावर खलाशी म्हणून गेला, तिकडच्या एका खेड्यात मजुरी करता करता शेतकरी झाला, तिथलीच बायको केली. आडनावाचं तिकडे पार भजं झालेलं. गावाचं नाव आणि बैलांच्या सणाला बापाशी भांडून घर सोडलं, एवढंच तो मुलांना सांगून गेला. परवा तिचं परतीचं विमान होतं.

काकांना विचारलं, "तुमच्या घरातून कोणी परदेशी गेलं होतं?"

"कोनीच नाही."

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. काका दोन शब्दांत थांबले, म्हणजे खरं बोलत होते. तपास तिथेच अडला.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या बंदोबस्ताला त्याच गावात गेलो. तोरणाखाली झुली घातलेले बैल, वाजंत्री, मानापानाची नेहमीची कुरबुर. काकांच्या गोठ्यात मात्र बैल तसेच उभे. ना झूल, ना शिंगांना रंग.

"काहून हो काकू?" मी त्यांच्या बायकोला विचारलं.

"आमच्यात पोळ्याची खोट हाय. मामंजींचा थोरला भाऊ पोळ्याच्या दिवशी रागानं गेला. नदीत जीव देला म्हन्तात. तवापासून या घरी पोळा नाही."

सणाला घरातला माणूस दगावला की तो सण पुढे पाळत नाहीत, ही आपल्याकडची रीत. मी जीप पाठवून बाईला आणवलं. दोघींच्या गोष्टी जुळवल्या. पणजोबा तिकडे पोचल्याचं सालही जुळलं.

काकांनी भीत भीत विचारलं, "मंग हिस्सा?"

बाई हसली. तिकडे तिची स्वतःची एवढी शेती होती, की तीच तिला आवरत नव्हती. हे सांगताच काकांचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

काकू मात्र उसळल्या. "जित्ता होता तं एक कार्ड तं टाकाचं! माह्या सासूनं जल्मभर पोळ्याले पुरन केलं नाही!" मग बाईला पोटाशी धरून रडल्या आणि डाळ शिजत घालायला उठल्या. काकांनी बैल धुवायला घेतले.

माणसं काय सांगतात ते नोकरीभर लिहून घेतलं. एखाद्या घरात काय करत नाहीत तेही विचारावं, हे त्या दिवशी शिकलो. संध्याकाळी बंदोबस्त उठला तरी मी थांबलो. खोट फिटल्यावरच्या त्या घरच्या पहिल्या पोळ्याची पुरणपोळी खाल्ल्याशिवाय काकू सोडतच नव्हत्या.